ताईच्या अंगणवाडीतली सतरंजी

घरात माणूस गेलं की बसायला येणारा प्रत्येक जण जाताना एक किस्सा ठेवून जातो. ताई दिवाळीआधी तापानं गेली. तेव्हापासून आमच्या ओसरीवर तिच्या अंगणवाडीचे किस्से नुसते साचून राहिलेत. मी नववीत शाळा सोडलेला माणूस, लिहिणं माझं काम नाही. ती असती, तर हे किस्से तिलाच सांगितले असते.

*

स्वरा नावाची एक पोट्टी चावायची. कुणाचा हात दिसला की कचकन! तिची आई म्हणाली, "बाई, द्या एक थोबाडीत. माह्यी परवानगी हाय!"

ताई म्हणाली, "दात चांगले हायेत तिचे. राग आला की पेरू चावायचा, पोट्टे नाई."

आणि तिनं टोपलीत पेरू ठेवायला सुरुवात केली. एक दिवस मी गाडी लावत होतो, तर स्वरा पळत आली. "मामा, पेरू हाय काय? लवकर! मले राग येऊन राह्यला!"

*

लेकराला 'नको' म्हणायचं नाही, काय करायचं तेवढं सांगायचं, ही ताईची रीत. 'पळू नको' नाही, 'हळू चाल'. पोरंही तसंच बोलायला लागली.

वाशीमहून सुपरवायझर मॅडम आल्या. खुर्चीवर बसणार, तोच चार वर्षांचा आर्यन म्हणाला, "मॅडम, उभ्या राहा."

मॅडमना वाटलं, स्वागताचा कार्यक्रम असेल. राहिल्या उभ्या. गाणी झाली, वजनं झाली, मॅडम उभ्याच! शेवटी त्यांनी विचारलं, "बेटा, आता बसू का?"

"चटईवर बसा. खुर्चीवर खिचडी सांडली हाय."

*

गावातल्या आबाजींनी ताईला निंबाची काठी आणून दिली. "लेकरं धाकात पाहिजेत, बाई!" ताईनं ती दोन खिळ्यांवर आडवी ठेवली आणि पोरांचे रुमाल वाळत घातले.

आबाजी पुन्हा आले, वर पाहत राहिले. "अवं, काठी कायले देली होती मी?"

"धाकातच हायेत आबाजी. एक रुमाल खाली पडत नाई!"

*

नुसतं 'शाब्बास' ताईला पुरायचं नाही. काय चांगलं केलं, ते सांगायची. ही सवय बाहेरही सुटेना. रिसोडच्या जीपमध्ये ती ड्रायव्हरला म्हणाली, "भाऊ, वळणावर गाडी हळू केली तुमी."

त्याचं चांगलं आजवर कुणी बोललंच नसावं. गडी इतका खूश, की सरळ रस्त्यालाही हळूच चालला! मागून एक म्हातारी ओरडली, "ओ बाई, आता जोरात चालवल्याचं बी कौतुक करा! बाजार उठून जाईन!"

*

आमच्या बाबांच्या सतरंजीचा एक हिरवा तुकडा ताईनं अंगणवाडीच्या कोपऱ्यात टाकला होता. राग आला, रडू आलं, की तिथं बसायचं. शिक्षा नाही. शेजारी कुणीतरी बसायचं, बोलायचं नाही, वाटलं की उठायचं. एकदा मी पानठेल्यावर भांडून तिथं गेलो. ताई म्हणाली, "बस सतरंजीवर." मी म्हटलं, "मी काय पोट्टा हाव?"

ताईच्या नावानं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि मी ठरवलं, तो तुकडा घरी आणायचा. ताईच्या हातचं काहीतरी मला जवळ पाहिजे होतं.

अंगणवाडीत ताईच्या जागी आलेल्या नव्या बाई म्हणाल्या, "दादा, लेकरं रोज बसतात त्याच्यावर."

माझं डोकं फिरलं. "माह्या बहिणीचं हाय ते! तुमी कोण?" समोरची बादली लाथेनं उडवली. पाणी भिंतीपर्यंत गेलं. मी सतरंजी गुंडाळून काखेत घेतली.

स्वरा उठली. सतरंजीचं लोंबतं टोक धरून तिनं ती ओढून घेतली, कोपऱ्यात नेली, पसरली, सुरकुत्या काढल्या.

"मामा, इथं बस."

बसलो. ती शेजारी बसली. बोलली नाही. नव्या बाई पाणी पुसत होत्या.

बऱ्याच वेळानं तिनं फ्रॉकच्या खिशातून अर्धा खाल्लेला पेरू काढला आणि माझ्यासमोर धरला.

"चाव."