वहिनी, जरा बाजूला

तिच्याकडे स्वतःचा कॅमेरा नव्हता आणि घ्यायचा विचारही नव्हता. लोकांनी आधीच गरजेपेक्षा जास्त चित्रण करून ठेवलंय, असं तिचं म्हणणं. दुसऱ्यांनी टाकून दिलेलं ती उचलायची. रद्दीवाल्याकडच्या कॅसेटी, बंद पडलेल्या कारखान्याच्या प्रशिक्षणाच्या फिल्म, मोडलेल्या संसारांची लग्नं. त्यातले तुकडे ती तालावर लावायची: कोणाचा हात, कोणाची पाठ, दार लागल्याचा आवाज, पुन्हा हात. बघता बघता त्याची कविता व्हायची, निदान जाणकार तसं म्हणायचे. काका मात्र तिला भंगारवाली म्हणायचे, तेही चारचौघांत.

काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. विजेच्या सामानाचं दुकान मुळात वडिलांचं. ते अचानक गेले तेव्हा ती शाळेत होती. दुकान काकांनी सांभाळलं, मग हळूहळू ते काकांचंच झालं, आणि मायलेकी मागच्या खोलीत आल्या. सगळ्या घराचा स्वयंपाक आईच्या गळ्यात पडला. पुढे काकांना ती खोलीही माल ठेवायला हवीशी वाटली. "वहिनी, तुमचंही आता स्वतंत्र होऊन जाईल," असं म्हणून त्यांनी दोघींना भाड्याच्या जागेत पाठवलं, आणि टेम्पो आपण करून दिला हे वर्षानुवर्षं सांगत राहिले.

अशा काकांचा सत्तरावा वाढदिवस आला. चुलतभाऊ एक जड सुटकेस घेऊन तिच्या दारात उभा राहिला.

"बाबांनी घरात काढलेलं सगळं चित्रण आहे यात. हॉल घेतलाय. पाच-सात मिनिटांचं काहीतरी कर. तुझं ते तालाचं. पण गोड कर."

ती नाही म्हणणार होती. पण वडील जिवंत असताना घेतलेल्या कॅसेटीही त्यात असतील, हे तिच्या लक्षात आलं. तिने सुटकेस आत ओढली.

वडील दिसले. दुकानाच्या पायरीवर, जेवणाच्या टेबलाशी, तिला खांद्यावर घेतलेले. ती पोटभर रडली. मग डोळे पुसून पुन्हा बघायला बसली, तेव्हा तिला वडिलांपेक्षा दुसराच आवाज ऐकू यायला लागला. कॅमेरा काकांच्या हातात, त्यामुळे त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा. "वहिनी, जरा बाजूला." आई ताट घेऊन चौकटीबाहेर. "वहिनी, बाजूला व्हा ना." आई ओले हात पुसत दाराआड. मुलं कॅमेऱ्यापुढे उड्या मारत तर काका हसत. काकूच्या बहिणी मध्येच येत तर त्यांना म्हणत, "या, या, इकडे बघा." बाजूला व्हायचं ते फक्त आईने. कॅसेटीमागून कॅसेटी गेल्या, आईचे केस पांढरे झाले, आणि बाजूला होण्याचा तिला इतका सराव झाला की पुढे पुढे काकांना सांगावंही लागेना. कॅमेरा वळला की ती आपसूक सरकायची.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण भांडायला ती गेली नाही. तिने आईचं एकेक सरकणं कापून घेतलं. डावीकडे, उजवीकडे, ताट, पातेलं, कडेवरचं दुसऱ्याचं मूल. काकांचा "जरा" एका ठेक्यावर बसवला, "बाजूला" दुसऱ्यावर, मध्ये झाकण आपटल्याचा आवाज. इतकं मन लावून तिने आजवर काहीच कापलं नव्हतं. प्रेमाने काम चांगलं होतं असं लोक म्हणतात. रागानेही होतं, आणि वेळेच्या आधी होतं.

हॉल भरलेला होता. काका पुढच्या रांगेत, शेजारी काकू. आई अगदी मागे, खांबाजवळ. तिला काहीच ठाऊक नव्हतं.

सुरुवात गोडच होती. आरशासमोर कॅमेरा धरून उभे काळ्याभोर केसांचे काका, शिट्ट्या, हशा. मग ठेका सुरू झाला. जरा, बाजूला. जरा, बाजूला. लोकांनी टाळ्यांनी साथ धरली. काकाही खुर्चीच्या हातावर बोटं वाजवायला लागले, मान डोलावून. ती भिंतीशी उभी राहून त्यांच्या बोटांकडेच बघत होती.

पडद्यावर आई सरकत राहिली. हशा विरळ झाला. टाळ्या एकेक करून थांबल्या. मग वडील दिसले. सगळी मंडळी कॅमेऱ्याकडे बघून हसताहेत आणि ते एकटेच मान वळवून, आई जिकडे गेली तिकडे बघताहेत. नंतर नुसत्या जागा. रिकामं दार, रिकामी भिंत, रिकामी खुर्ची, आणि त्यावर काकांचा आवाज.

सगळा हॉल गप्प झाला तरी काकांची बोटं वाजतच होती. शेवटी काकूने त्यांच्या हातावर हात ठेवला.

दिवे लागल्यावर काका तिच्यासमोर आले. "कॅमेरा धरला की माणूस बोलतोच. मी सगळ्यांनाच सांगायचो."

"सगळ्यांना नाही, काका. मी सगळं पाहिलंय. फक्त तिला."

"माझ्याच वाढदिवसाला हे करायचं होतं तुला?"

"हो. तुमच्याच."

दोघी रिक्षात बसल्या. आई म्हणाली, "मला विचारायचं तरी होतंस. लोक वळून वळून माझ्याकडे बघत होते. कुठे तोंड लपवू असं झालं."

तिला एकदम अपराधी वाटलं. सगळा हिशेब तिने काकांचा केला होता, आईचा धरलाच नव्हता. "चुकलं," ती म्हणाली.

आई बाहेर बघत राहिली. मान न वळवताच तिने हळूच विचारलं, "मला मागून दिसलं नाही. तोंड कसं झालं होतं त्याचं?"

मग लेकीने सांगितलं. बोटं, काकूचा हात, लाल झालेले कान. आईने कानांचं दोनदा सांगायला लावलं.

चुलतभाऊ सुटकेस घेऊन गेला आणि त्याने बोलणं टाकलं. काकांनी निरोप धाडला, ते पुसून टाक. तिने पुसलं नाही. आईला विचारून, या वेळी नीट विचारून, तिने ते बाहेर दाखवायला पाठवलं. ते गाजलं, वर्तमानपत्रात आलं. तेव्हा काकांचा फोन आला. "चित्रण माझं आहे. माझं नाव कुठेय?"

तिने नाव घातलं. सगळ्यांत आधी, सगळ्यांत मोठ्या अक्षरांत. आता जिथे जिथे ते दाखवतात तिथे कोणीतरी हमखास विचारतं, हा कॅमेरावाला कोण? आणि ती खुर्ची पुढे ओढून, काहीही न गाळता सांगायला बसते.