आधी ढकलायचं, मग बोलायचं

नाव: कौमुदी प्रल्हाद रिसबूड. वय: एकेचाळीस. उंची: पाच फूट एक इंच. राष्ट्रीयत्व: भारतीय. राहणार: ग्योतोकु, स्टेशनपासून चालत नऊ मिनिटं. जपानमधील वास्तव्याचा दर्जा: आश्रित. कोणावर आश्रित: पती, पदार्थविज्ञानाचे संशोधक. काम करण्याची मुभा: आठवड्याला अठ्ठावीस तास. शरीरावरील खुणा: डाव्या भुवईवर तीन टाक्यांचा व्रण. कचऱ्याचं वर्गीकरण: समाधानकारक. स्वभाव: सौम्य. हिंसक वर्तनाची नोंद: निरंक.

यातलं काहीही खोटं नाही. फक्त त्या अठ्ठावीस तासांत सदर आश्रित व्यक्ती काय करते, ते लिहायला फॉर्मवर जागा नाही.

निक्कोच्या मागच्या डोंगरात शिराइवा नावाची एक घळ आहे. हिवाळ्यात तिथले धबधबे पडता पडता गोठतात आणि दोन्ही कड्यांवरून बर्फाचे खांब लटकतात, काही बोटाएवढे, काही देवळाच्या खांबाएवढे. जाहिरातीत या घळीला ‘शांततेचं शुभ्र मंदिर’ म्हटलं आहे. जाहिरात लिहिणारा सकाळी अकरानंतर तिथे थांबलेला नसावा. अकराच्या सुमारास पूर्वेच्या कड्यावरून ऊन आत येतं आणि मंदिर पडायला लागतं. आधी ‘टक्’ असा बारीक आवाज, मग फ्रीजएवढा तुकडा, कधी रिक्षाएवढा. खालच्या खडकावर तो फुटतो तेव्हा काचेचं दुकान जिन्यावरून ढकलून दिल्यासारखा आवाज होतो. कौमुदीने पहिल्याच हिवाळ्यात तिथे एक हरीण पाहिलं. पाठ मधोमध मोडलेली, डोकं बर्फाखाली, आणि तोंडात अजून हिरवं पान. तिने ते बराच वेळ पाहिलं. अकुत्सु-साननी तिला पाहू दिलं. ती तिची मुलाखत होती.

अकुत्सु-सान अडुसष्ट वर्षांचे. या घळीत लोकांना फिरवून आणण्याचा धंदा त्यांचा. उजव्या हाताला साडेतीन बोटं. उरलेली दीड कुठे आहेत विचारलं की ते कड्याकडे हनुवटी दाखवतात. कौमुदीला ते कौमु-सान म्हणतात. पुण्यात कॉलेजात असल्यापासून सह्याद्रीत दोर लावून कडे उतरणारी ही बाई ग्योतोकुच्या फ्लॅटमध्ये चार वर्षं नवऱ्याचे डबे भरून कंटाळली आणि एका रविवारी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. त्यांनी तिला सांगितलं की तीन हिवाळे माझ्यामागून चालायचं. चौथ्या वर्षी बघू.

त्या तीन हिवाळ्यांत त्यांनी तिला असंख्य वेळा ढकललं. बोलता बोलता मध्येच थांबायचे आणि खांदा घालून तिला बर्फात आडवं करायचे. दहातल्या नऊ वेळा वरून काहीच पडायचं नाही. एकदा पडलं. ती उठून पाहते तर तिच्या पावलांचे ठसे होते तिथे टेबलाएवढा तुकडा होता.

ज्या देशात ट्रेनमध्ये कोपर लागलं तरी माणसं तीनदा माफी मागतात, तिथे हा प्रकार नवा होता. अकुत्सु-साननी हिशेब समजावला. तीस मीटरवरून बर्फ खाली यायला अडीच सेकंद. आवाज ऐकायला एक, वळायला एक. उरला अर्धा. अर्ध्या सेकंदात ‘सुमिमासेन’, म्हणजे ‘माफ करा’, बसत नाही.

“म्हणून आधी ढकलायचं, मग बोलायचं,” ते म्हणाले. “लाजलीस, तर तुझं गिऱ्हाईक त्या हरणासारखं होणार.”

चौथ्या हिवाळ्यात, जानेवारीच्या तिसऱ्या शनिवारी, त्यांनी तिला स्वतःचा गट दिला. निशी-कसाईच्या महाराष्ट्र मंडळाची अकरा माणसं. ती पुढे चालणार आणि अकुत्सु-सान शेपटीला, तोंड बंद ठेवून. अट एकच होती. दिवस नीट पार पडला तर घळ तिची, दर शनिवारी. तक्रार आली तर तिने पुन्हा दोर उचलायचा नाही.

मंडळाचे अध्यक्ष अंबरीष. जपानमध्ये एकोणीस वर्षं, एका बँकेच्या आयटी खात्यात वरच्या जागेवर, कोणत्याही सभेत पहिलं आणि शेवटचं भाषण यांचंच. बायको दीप्ती दुभाष्याचं काम करते आणि घरी फारशी बोलत नाही, कारण तिथे दुभाष्याची गरज नसते.

सकाळी साडेआठला कौमुदीने सूचना दिल्या. अकुत्सु-सानची जपानी यादी तिने मराठीत करून आणली होती. हेल्मेटचा पट्टा सैल ठेवू नका. बुटांना लावलेले खिळे एकमेकांत अडकवू नका. कड्याला हात लावू नका. बर्फाच्या ढिगावर चढू नका. सतरा कलमं.

“वहिनी, एवढे नियम तर आमच्या सोसायटीतही नाहीत,” अंबरीष म्हणाला.

“तुमच्या सोसायटीत वरून रिक्षा पडत नाही, अंबरीषराव.”

लोक हसले. दिवस छान सुरू झाला.

यादीत एक गोष्ट नव्हती. ती जपानी यादीत नव्हती, कारण तीस वर्षांत कोणत्याही जपानी गटाने ती केली नव्हती. आणि कौमुदीला ती सुचली नाही, कारण ती तिच्या इतकी अंगात मुरलेली होती की तिला वेगळी दिसलीच नाही. सह्याद्रीत माथ्यावर पोचल्यावर गर्जना देतात. तिने स्वतः शेकडो वेळा दिली होती, घसा बसेपर्यंत.

दहा वाजून पन्नास मिनिटांनी गट मोठ्या धबधब्यासमोर पोचला. वीस मिनिटं उशीर झाला होता, कारण प्रत्येक वळणावर अकरा जणांचे अकरा फोन बाहेर येत होते. साठ मीटर उंचीचं पाणी जागच्या जागी उभं होतं, निळं. सगळे गप्प झाले. अशा वेळी अध्यक्षांनी काही करायचं नसतं. पण समोर कड्याच्या पायथ्याशी बर्फाचा एक ढीग होता, छातीएवढा उंच, वरून सपाट, व्यासपीठासारखा. आदल्या दिवशी पडलेला बर्फ होता तो. एकोणीस वर्षं भाषणं केलेल्या माणसाला अशी जागा रिकामी बघवत नाही. अंबरीष वर चढला.

“खाली या!” कौमुदी ओरडली.

“एक मिनिट, वहिनी! मंडळी, तयार? हर हर...”

“महादेव!” दहा गळे एकदम फुटले. घळ अरुंद होती, आवाज कड्यांवर आपटून दुप्पट होऊन परत आला. लोकांना मजा वाटली. त्यांनी पुन्हा दिली.

आवाजाने बर्फ पडतो असं सिनेमात दाखवतात. तसं काही नसतं. आवाजाने एवढंच होतं की ‘टक्’ ऐकू येत नाही.

कौमुदीला ते ऐकू आलं नाही. तिला दिसलं. वर, अंबरीषच्या डोक्याच्या सरळ रेषेत, पांढरी धूळ उडाली. ऐकण्याचा सेकंद गेलेला होता. हातांनी ढकलायला वेळ नव्हता. ती तीन ढांगांत ढिगावर चढली आणि डोकं खाली घालून, पूर्ण अंग टाकून, बैलासारखी त्याच्यावर गेली. तिच्या हेल्मेटची कड त्याच्या तोंडावर बसली. हाड मोडल्यासारखा आवाज झाला. दोघं ढिगाच्या पलीकडे गडगडले आणि त्यांच्या मागे शिराइवा घळीने त्या मोसमातला सगळ्यात मोठा खांब खाली टाकला.

पुढचे काही क्षण कोणालाच काही दिसलं नाही. बर्फाची भुकटी नाकातोंडात गेली. नखाएवढे तुकडे छर्ऱ्यांसारखे येऊन हेल्मेटांवर आपटत होते. कोणीतरी आई आई करत होतं, कोणीतरी प्रत्येकाचं नाव घेऊन हाका मारत होतं.

अंबरीष उठून बसला. तोंडातून रक्त, जॅकेटवर रक्त, हातात स्वतःचा एक दात. पाठीमागे काय पडलं ते त्याने पाहिलं नव्हतं. त्याने एवढंच पाहिलं होतं की पाच फूट एक इंचाच्या बाईने सगळ्या मंडळासमोर त्याला डोक्याने मारलं. त्याने चालायची काठी उचलली आणि तिच्यावर चालवली. पहिला फटका हेल्मेटवर बसला. दुसऱ्याने भुवई फुटली.

“वेड लागलंय का तुला? आँ? वेड लागलंय?” वहिनीचं ‘तुला’ झालं होतं.

तिसऱ्या फटक्याआधी अकुत्सु-साननी मागून येऊन काठी धरली. साडेतीन बोटांच्या हाताने ती काढून घेतली, गुडघ्यावर मोडली आणि दोन्ही तुकडे त्याच्या पायाशी व्यवस्थित जोडून ठेवले. मग त्यांनी अंबरीषची हनुवटी धरून मान मागे वळवली.

व्यासपीठ राहिलेलं नव्हतं. तिथे डिलिव्हरीच्या छोट्या व्हॅनएवढा निळा तुकडा रुतला होता आणि त्याला आतून अजून तडे जात होते.

अंबरीष दात मुठीत धरून उठला आणि रांगेत जाऊन उभा राहिला. पण माणूस घाबरतो डोंगरात आणि अपमान त्याला आठवतो घरी. मंगळवारपर्यंत मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर युद्ध पेटलं होतं. “टेक्निकली हा असॉल्ट आहे.” “अरे तिने जीव वाचवला!” “हाताने ओढता आलं नसतं का?” “तू ओढ की पुढच्या वेळी.” “सूचनांमध्ये गर्जनेचा उल्लेख नव्हता, प्लीज नोट.” तीन जण ग्रुप सोडून गेले, दोन परत आले. बुधवारी अंबरीषने अकुत्सु-सानना उत्तम जपानीत ईमेल पाठवली. गाइडने शारीरिक हल्ला केला. दोन दात गेले. लेखी माफी हवी आणि सदर व्यक्तीने पुन्हा गट नेता कामा नये, अन्यथा शहराच्या पर्यटन विभागाकडे जाऊ.

तक्रार आली होती. कौमुदीने दोर धुतला, वाळवला, गुंडाळला आणि परत द्यायला पिशवीत भरला. प्रल्हाद, म्हणजे ज्यांच्यावर ती आश्रित होती ते, हळूच म्हणाले, “मी बोलू का अंबरीषशी?”

“तू काय बोलणार?”

प्रल्हादनी विचार केला. “तेही खरंच.”

शनिवारी सकाळी अकुत्सु-सान काळा सूट घालून निशी-कसाईला आले. हातात मिठाईचा खोका. आधी ते तांदळाच्या कडक चकत्या आणणार होते. दात पडलेल्या माणसाला त्या कशा द्यायच्या, असं बायकोने विचारलं, म्हणून मऊ योकानच्या वड्या. इमारतीच्या खाली कौमुदी पिशवी घेऊन उभी होती.

“दोर कशाला आणलास?”

“तक्रार आली ना.”

“आली. आता वर जाऊन माफी मागायची. दातांची मागायची. गर्जनेची सूचना दिली नाहीस, त्याचीही मागायची, ती तुझी चूक आहे.” त्यांनी लिफ्टचं बटण दाबलं. “धक्क्याची मागायची नाही. ती मागितलीस, तर दोर मीच घेईन.”

अंबरीषच्या दिवाणखान्यात अकुत्सु-सान कमरेतून वाकले आणि वाकलेलेच राहिले. कौमुदीही वाकली. “तुमचे दोन दात गेले, त्याबद्दल माफ करा. गर्जना देऊ नका हे मी सांगायला हवं होतं. ते माझं चुकलं.”

“आणि मारलंत त्याचं काय?” अंबरीषच्या पुढच्या दातांच्या जागेतून हवा जात होती.

“ते परत मारीन.”

अकुत्सु-साननी वाकूनच विचारलं, काय म्हणाली? आणि बारा वर्षं दुभाष्याचं काम केलेल्या दीप्तीने नवऱ्याकडे न पाहता अचूक भाषांतर केलं. मग म्हणाली, “यापुढचं माझं आहे,” आणि दोन्ही भाषांत सांगितलं, “मी मागे उभी होते. मला तो व्हॅनएवढा बर्फ सुटताना दिसला आणि त्याच्याखाली हा दिसला. मी ‘महादेव’ म्हणत राहिले. मला हलता आलं नाही.”

“दीप्ती, तू कोणाच्या बाजूने आहेस?”

“तू जिवंत आहेस ना, म्हणून विचारू शकतोस.”

अंबरीषने योकानचा खोका उचलून टेबलावर ठेवला. मग जपानीत, अकुत्सु-सानना, तो म्हणाला की तक्रार तो मागे घेतो. कौमुदीला मात्र तो काही म्हणाला नाही. आजही फारसं म्हणत नाही. गणपतीत भेटतो, प्रसाद देतो आणि पुढे जातो. तिच्या भुवईबद्दल त्याने कधी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

विम्याच्या कागदावर अकुत्सु-साननी तीन रकाने भरले. गाइडमुळे इजा: दोन दात. ग्राहकामुळे इजा: तीन टाके. बर्फामुळे इजा: काही नाही. विमा कंपनीने दोनदा फोन करून विचारलं की रकान्यांची अदलाबदल तर झाली नाही ना.

यादीत अठरावं कलम आलं, मराठीत आणि जपानीतही. जपानी गट ते वाचून बुचकळ्यात पडतात आणि गर्जना म्हणजे नेमकं काय ते कुतूहलाने विचारतात. कौमुदी त्यांना दाखवते, गाड्यांच्या तळावर, घळीबाहेर.

ही गोष्ट तीन हिवाळ्यांपूर्वीची. तेव्हापासून शनिवारची घळ तिची आहे. या तीन हिवाळ्यांत तिने सात जणांना बर्फात आडवं पाडलं आहे, त्यात एक निवृत्त न्यायाधीश आणि एक गरोदर बाई. सातही जण जिवंत आहेत.