मामांचा जेस्टिक शब्द

देवाने माझ्या धाकट्या मामांना तोंड दिलं होतं ते फक्त जेवायला. बोलायची सगळी सोय हातांत केली होती. निपाणीच्या एका हायस्कुलात ते इंग्रजी शिकवायचे. 'दोन चमचे साखर' म्हणतानाही दोन्ही हातांनी पोतं उचलून दाखवायचे. एकदा समोरून येणाऱ्या ओळखीच्या माणसाला पावसाचा अंदाज सांगायला त्यांनी सायकलचं हँडल सोडलं आणि तंबाखूच्या पोत्यांवर जाऊन आदळले. उरलेला अंदाज त्यांनी पडल्यापडल्या सांगितला. दुसरा नाद म्हणजे डिक्शनरीतून एखादा अवघड शब्द उकरून काढायचा आणि दिसेल त्याच्या गळ्यात घालायचा. मामी म्हणायची, "घरात मीठ न्हाय, आन् ह्यांचं स्पेलिंग चाललंय!"

'जेस्टिक' सापडला तेव्हा तर त्यांना स्वर्ग दोन बोटं उरला. अंगाच्या हालचालींविषयीचा, त्यातही नाचातल्या हावभावांविषयीचा शब्द. "लई दुर्मिळ हाय गं! तुझ्यासाठीच केलाय जणू." आणीबाणी उठून वर्षभर झालं असेल. बेळगावात नृत्यशिक्षिकेच्या कोर्ससाठी मी अर्ज केला होता. यंदा जमलं नाही तर लग्न, असं माझ्या वडिलांनी, आप्पांनी, बजावलं होतं. मामांनी आपल्या वेलबुट्टीदार अक्षरात इंग्रजीत शिफारस लिहिली, की या मुलीला उपजत जेस्टिक देणगी आहे.

नाचाची परीक्षा झकास झाली. मग कागद तपासणारे साहेब मामांच्या शिफारशीवर थबकले. "गॅस्ट्रिक? पोटाचा विकार असलेली मुलगी हॉस्टेलात कशी ठेवायची?"

सोबत आलेले मामा व्हरांड्यात थांबले होते. मी धावत जाऊन त्यांना आत आणलं. "सर!" म्हणत त्यांनी हात उडवले, शाईची दौत थोडक्यात वाचली. साहेब गरजले, "कै कट्टि माताड्री, मास्तर! हात बांधून बोला!"

मामांनी निमूट हात बांधले आणि त्यांची वाचाच बसली. ओठ हलत होते, शब्द येईना. साहेबांनी माझा अर्ज नापास गठ्ठ्यावर ठेवला.

"साहेब, गॅस्ट्रिक न्हाय, जेस्टिक! हे असं!" मी ओरडले आणि तिथेच टेबलासमोर मोराचा नाच धरला. मान, डोळे, बोटं, सगळं बोलत होतं. काही चुकलं नाही. नाचाची परीक्षा घेणाऱ्या बाई हसल्या. त्यांनी लायब्ररीतून जाडी डिक्शनरी मागवली. बारीक अक्षरांत शब्द निघाला आणि माझा अर्ज गठ्ठ्यावरून परत उचलला गेला.

बाहेर आल्यावर माझ्या भीतीचा राग झाला. "मामा, पुरे करा आता तुमचं इंग्रजी! माझं वाटोळं झालं असतं!"

"व्हय गं, चुकलंच माझं," एवढंच ते म्हणाले. हात अजून बांधलेलेच होते.

मी शिकले, नोकरीला लागले. मामांनी मात्र त्यानंतर कुणाच्याही दाखल्यावर 'गुड'पलीकडे शब्द लिहिला नाही. मला फार लागलं ते. तो शब्द अगदी बरोबर होता, एवढं सांगायला मी कितीदा निपाणीला गेले, आणि दर वेळी नुसता चहा पिऊन परत आले. आता मामा नाहीत.