मी अडवलेली वही

फेब्रुवारीतला पहिला सोमवार, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. खोलीत आम्ही तिघं होतो: मी, माझी मोठी बहीण भागाबाई आणि थोरली मुलगी. माझी पत्नी विमल त्या वेळी गेली. वय एकोणचाळीस. काय झालं होतं असं लोक विचारतात, तेव्हा मी सांगतो, कावीळ, एकोणीस दिवस. हे खरं आहे, पण पुरतं खरं नाही. डॉक्टर म्हणाले, बाईंच्या अंगात आधीच काही उरलं नव्हतं. ते कसं संपत गेलं, हे लिहायला बसलो आहे.

मी मानोऱ्याला शाळेत मास्तर. लग्नाला वीस वर्षं झाली. धाकटा मुलगा झाल्यानंतर, म्हणजे साधारण सात वर्षांपूर्वी, विमल पहिल्यांदा अशी बसून राहिली. चूल पेटवायची आणि तिच्याकडे पाहत राहायची. वेणी घालायला हात वर केला तर तसाच राहायचा. महिना दीड महिन्याने सावरायची, पुन्हा तेच. वाशिमला दाखवलं, त्यांनी भूक वाढायचं औषध दिलं. अकोल्याला दाखवलं, त्यांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. भागाबाई तिच्या तोंडावरच म्हणायची, "लेकरं हायत, पगार हाय, नवरा दारू पेत नाई. मंग तुले रडाले झालं तरी काय व?" मी भागाबाईला गप्प करत नसे, कारण मलाही तोच प्रश्न होता.

दोन वर्षांपूर्वी बायकांच्या एका मासिकात दिग्रसच्या कुणा बाईचं पत्र आलं. सकाळी उठावंसं वाटत नाही, असं आणखी कुणाला होतं का, एवढंच. विमलने कार्ड टाकलं. तसंच आणखी तिघींनी टाकलं. मग दिग्रसच्या बाईने शंभर पानांची एक वही काढली. ती रजिस्टर पोस्टाने एकीकडून दुसरीकडे फिरे. प्रत्येकीने आठ दिवस ठेवायची, मागचं वाचायचं, आपलं लिहायचं, पुढे पाठवायची. पहिल्या पानावर नियम होते. नाव लिहू नये, गाव लिहावं. उपदेश करू नये. 'मन रमवा' असं लिहिणारीचं पान फाडण्यात येईल. पाच जणी एकमेकींना कधी भेटल्या नाहीत. पोस्टमन दौलत सायकल टेकवून ओरडायचा, "जयभीम गुरुजी! वैनीची शाळा आली पाहा. तुमच्या शाळेपक्षा इचा अभ्यास लय!" आणि विमल हात पदराला पुसत बाहेर यायची. ती वही घेऊन ती मागच्या पडवीत बसे, आणि रडे.

मी हिशेबी माणूस. गेल्या वर्षी जूनपासून मी कोऱ्या हजेरीपटावर तिची नोंद ठेवू लागलो. रडली त्या दिवशी फुली. चार महिन्यांत सत्तावीस फुल्या झाल्या, त्यातल्या बावीस वही घरात असलेल्या दिवसांतल्या. मुलांचा निकाल लावावा तसा मी निकाल लावला, की वहीने तिला त्रास होतो. ऑक्टोबरात वही आली, ती मी शाळेतच दौलतकडून घेतली आणि कपाटात कुलूपबंद केली.

ती रोज विचारायची, "पोस्ट आलं काय हो?" मी नाही म्हणायचो. सोळाव्या दिवशी तिने विचारलं, "काहून आली नसन?" मी म्हणालो, "कंटाळल्या असतीन त्या बाया. रोज रोज कोन कोनाचं आयकते?" "हो... तसंच असन," ती म्हणाली आणि पीठ मळू लागली. त्यानंतर तिने विचारलं नाही. नोव्हेंबरात एक फुली, डिसेंबरात एकही नाही. मी भागाबाईला म्हणालो, फरक पडला. ताटातली भाकर तशीच राहत होती, पण भाकरीचा रकाना मी आखलाच नव्हता. जानेवारीच्या मध्यावर डोळे पिवळे झाले. त्या एकोणीस दिवसांत कपाट उघडून वही तिच्या हातात द्यावी, हे मला रोज वाटलं. पण दिली असती तर खोटं बोललो हेही सांगावं लागलं असतं. नाही दिली.

जलदान विधी झाल्यावर मी कपाट उघडलं. तिची पानं वाचली. जुलैत तिने लिहिलं होतं: "आज रडू आलं. बारा दिवस तेही येत नव्हतं. रडल्यावर दीड भाकर खाल्ली." आणखी एका पानावर: "घरी सांगितलं की घरचे घाबरतात, मग मलाच त्यांची समजूत काढावी लागते. इथं कुणाची समजूत काढावी लागत नाही. दर्यापूरची म्हणते, तिचाही हात वेणीशी थांबतो. हे वाचलं आणि मी वेणी घातली." मी हजेरीपट शेजारी ठेवून पाहिलं. ज्या दिवशी फुली, त्या दिवशी ती जेवली होती. तिच्या बऱ्या दिवसांवर मी फुल्या मारल्या होत्या.

त्याच दिवशी मी वहीत लिहिलं: मानोऱ्याची वारली. वही तिच्यापर्यंत पोचू दिली नाही, ती तिच्या नवऱ्याने. तुम्ही कंटाळलात असं तिला सांगितलं, तेही मीच. मग वही पुढे पाठवली. चौघी रागावतील, किंवा वही बंद करतील, असं धरून चाललो होतो.

मागच्या आठवड्यात वही परत आली. चौघींनी लिहिलं आहे. माफ केलं असं कुणी लिहिलेलं नाही, दोषही दिलेला नाही. दर्यापूरच्या बाईने लिहिलं आहे, की मी चार महिने रोज पोस्टमनची वाट पाहिली आणि मानोऱ्याची आपल्याला कंटाळली असं समजले. पुसदच्या बाईने एवढंच लिहिलं आहे: "मानोऱ्याचं पान कोरं सोडलं आहे. लिहायचं तर आठ दिवसांत लिहा."

सात दिवस मी ते पान नुसतं पाहिलं. आठव्या दिवशी लिहिलं: सकाळी उठवत नाही. शाळेत हजेरी घेताना तोंडातून नाव निघत नाही. घरी मुलांसमोर बोलत नाही, ती घाबरतील. पुढे लिहिता आलं नाही. वही कापडात शिवली आणि दारात आलेल्या दौलतच्या हातावर ती आणि टपालाचे दोन रुपये वीस पैसे ठेवले.

त्याने पाकिटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "गुरुजी, वैनी तं गेल्या. आता हे कोनाचं?"

"माहं," मी म्हणालो.