वहिनीचा उजवा पाय

माझ्या वहिनीला गाडी चालवता येत नाही, पण सव्वीस वर्षं ती ड्रायव्हरच्या सीटवर बसते आहे. आणि गाड्याही कसल्या, तर डांबरी रस्त्यावर क्वचितच दिसणाऱ्या. खाणीवर माणसं नेणाऱ्या, विजेचे खांब डोंगरावर चढवणाऱ्या, चिखलात लोळून आल्यासारख्या. असल्या गाड्यांचे ब्रेक दुरुस्त करणं हा आमच्या दादाचा धंदा, आणि तो गाडीखाली झोपलेला असताना वर पेडल दाबणं हे वहिनीचं काम.

ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांना सांगतो. ब्रेकच्या नळ्यांमध्ये तेल असतं. त्यात हवा शिरली की पेडल मऊ पडतं आणि गाडी वेळेवर थांबत नाही. ती हवा काढायला दोन माणसं लागतात. दादा चाकाशी आडवा होतो आणि ब्रेकच्या निपलला, म्हणजे हवा काढायच्या बारीक तोटीला, पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक तेलाच्या बाटलीत सोडतो. तो 'दाब' म्हणाला की वरच्याने दाबायचं, 'धर' म्हणाला की धरून ठेवायचं. मग तो निपल ढिला करतो, तेलाबरोबर हवेचे बुडबुडे बाटलीत येतात, तो निपल पुन्हा आवळतो आणि 'सोड' म्हणतो. आवळण्याआधी पाय उचलला तर हवा उलटी आत जाते, म्हणजे पहिले पाढे पंचावन्न. हे चारही चाकांना, दर चाकाला पंधरा-वीस वेळा.

सुरुवातीला हे काम माझ्याकडे होतं. त्याच शेडच्या अर्ध्या भागात मी पंक्चर काढतो, म्हणजे बोलून चालून हाताशी असलेला माणूस. पण माझा पाय उतावळा. आठ दिवसांत दादाने मला खाली उतरवलं. त्याच दुपारी वहिनी डबा घेऊन आली होती, तिला म्हणाला, "जरा वर बस गं." ती बसली ती बसलीच.

गेली दोन वर्षं तिचा उजवा गुडघा दुखतो आहे. या गाड्या उंच, त्यामुळे वर चढायला ती लाकडी खोक्यावर आधी डावा पाय ठेवते, दाराला धरून उजवा ओढून घेते आणि बसल्यावर थोडा वेळ डोळे मिटते. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की जोर देऊन दाबायचं काम बंद. तिने घरी येऊन ते दादाला सांगितलं. तो म्हणाला, "एवढी गाडी होऊ दे." त्यानंतर आलेली प्रत्येक गाडी 'एवढी'च होती. मी दोनदा म्हटलं की दुसरा माणूस ठेव. तर मला म्हणतो, "असा पाय मिळायचा नाही." हे तो गिऱ्हाइकांनाही सांगायचा, फक्त जिचा पाय तिला कधी सांगितलं नाही. वहिनीला कौतुक नकोच होतं म्हणा. तिला सुटका हवी होती.

त्या दिवशी खाणीची गाडी आली होती. पुढच्या दोन्ही कॅलिपरमधून, म्हणजे चाकाची चकती चिमटीत धरणाऱ्या भागांतून, तेल गळत होतं. दादाने दोन्ही उतरवले, धुतले, आतली रबरं बदलली आणि पुन्हा बसवले. दुपारी बारापर्यंत गाडी द्यायची होती, कारण संध्याकाळी डोंगरावरच्या खाणीतून अकरा माणसं खाली आणायची होती. रस्ता असा की एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही.

दहा वाजता वहिनी वर चढली. दाब, धर, सोड. अकरा वाजले. बाटलीत स्वच्छ तेल येत होतं, एक बुडबुडा नाही.

"कडक?" दादाने खालून विचारलं.

"मऊ आहे," वहिनी म्हणाली.

पुन्हा चारही चाकं. साडेबारा झाले. कडक? मऊ. जेवणं बाजूलाच राहिली. तिसऱ्यांदा चारही चाकं झाली तेव्हा दोन वाजून गेले होते. दादा पाठीवर झोपून झोपून आंबला होता, त्याच्या कोपरापर्यंत तेल ओघळलं होतं. वहिनी आता उजवी मांडी दोन्ही हातांनी दाबून पायाला जोर देत होती.

"कडक?"

"मऊच आहे हो."

दादा गाडीखालून बाहेर आला. "बाटलीत हवा नाही. तीनदा तेल बदललं. मऊ कशाने असेल? तुझ्या पायातच दम राहिलेला नाही. उतर."

ती उतरली. दादाने मला हाक मारली. मी वर बसलो आणि भराभर आठ-दहा वेळा पेडल मारलं. मारता मारता ते वर आलं आणि पायाखाली घट्ट झालं. खरं सांगायचं तर मला तो दिवस संपवायचा होता. वहिनीचे हाल बघवत नव्हते आणि भूकही लागली होती. मी म्हणालो, "कडक."

"बघ," दादा तिला म्हणाला आणि हात पुसायला लागला.

वहिनी खोक्यावर बसली होती. ती म्हणाली, "भाऊजी, पाय काढा. पाच मिनिटांनी एकदाच दाबा, भराभर नको."

पाच मिनिटं आम्ही तिघं थांबलो. मग मी दाबलं. पेडल निम्म्याच्या खाली गेलं. भराभर मारल्यावर मऊ पेडलही घटकाभर कडक लागतं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मला लाज वाटली. मी मान खाली घालून म्हणालो, "मऊ आहे."

दादा चिडून आत तेलाचा नवा डबा आणायला गेला. वहिनी उठली, दाराला धरून खाली वाकली आणि ज्या चाकाखाली ती सव्वीस वर्षांत कधी डोकावली नव्हती तिकडे बघत राहिली. दादा परत आल्यावर तिने विचारलं, "अहो, हवा वर जाते ना?"

"मग काय खाली जाते?"

"मग हे निपल खालच्या बाजूला का आहे? दर वेळी सीटवरून बघते, तुम्ही वरच्या अंगाला हात घालून पाना लावता ना?"

दादा गुडघ्यांवर बसला. एका चाकाशी पाहिलं, मग दुसऱ्या. दोन्ही कॅलिपर सारखेच दिसतात, पण एक डाव्या बाजूचा असतो आणि एक उजव्या. त्याने अदलाबदल केली होती. निपल तळाला गेलं होतं, तेल खालून निघत होतं आणि हवा वर निवांत बसून होती. शिकाऊ माणसाची चूक. दादाच्या हातून ती कधी झालेली मी तरी पाहिली नव्हती. या वयात असं होतं, हे त्यालाही कळलं असावं. मला त्याची दया आली, पण ती फार टिकली नाही.

त्याने दोन्ही कॅलिपर उतरवून बदलून बसवले. वहिनी न सांगता पुन्हा वर चढली. पहिल्याच 'धर'ला बाटलीत भदाभदा बुडबुडे आले. पाऊण तासात ती म्हणाली, "कडक." थोडं थांबून पुन्हा एकदा दाबून पाहिलं. "कडक आहे."

तेवढ्यात खाणीचा ड्रायव्हर आला. "काय मिस्त्री, बाराला देणार होतात ना?"

दादाने माझ्याकडे पाहिलं, मग चाकाकडे. "काय करणार? हिचा गुडघा. पाय जोर धरत नाही, म्हणून लांबलं सगळं."

नाचता येईना अंगण वाकडं. माझ्या कानशिलापर्यंत राग चढला. पण खोटं 'कडक' मीही म्हणालो होतो, म्हणून मूग गिळून उभा राहिलो.

वहिनी सावकाश खाली उतरली, खोक्यावर दोन्ही पाय ठेवून. मग दादाकडे न बघता ड्रायव्हरला म्हणाली, "खरंय. गुडघा गेलाच आहे माझा. म्हणून तर उद्यापासून मी पेडलवर नाही. हे दुसरा माणूस बघणार आहेत."

"बरं केलंत मिस्त्री," ड्रायव्हर म्हणाला. "किती राबायचं ताईंनी?"

दादा हातातला पाना पुसत राहिला. आता नाही म्हणायचं तर सकाळपासूनची सगळी गोष्ट सांगावी लागली असती.

गाडी गेली. वहिनीने पदर झटकला, सकाळचा डबा उघडला आणि तिघांना वाढलं. जेवण गार झालं होतं. दादा घास न घेता बसून होता. शेवटी म्हणाला, "मऊ असेल तर मऊ म्हणणारा माणूस कुठून आणू मी?"

"मिळेल," वहिनी म्हणाली. "त्याचं ऐका मात्र."