चिलटांचं जेवण

उल्हासनगरच्या कॉलेजात मी फळमाश्यांवर संशोधन करते. आईच्या भाषेत, चिलटांना शिजवून घालते. मक्याचं पीठ, साखर आणि यीस्ट शिजवायचं, बाटल्यांत ओतायचं आणि एकाच माशीची अंडी त्यांत वाटायची. यीस्ट भरपूर असेल तिथे माशी मोठी होते. कमी पडलं की तिच्या शरीरात इन्सुलिनचा निरोप मंदावतो, वाढ आवरणारी जनुकं कामाला लागतात आणि माशी बारकीच राहते. तिसऱ्या बाटलीत मी साखरच साखर घालते. तिथल्या माश्यांना पुढे इन्सुलिनचा निरोप ऐकूच येत नाही.

ती बारकी माशी पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि मला दादाचा राग आला. बदलापूरच्या आमच्या घरात दुधावरची साय त्याची, भातावर तूप त्याच्या, शिऱ्याचं पातेलंही त्यानेच चाटूनपुसून खायचं. मला चहा-चपाती. पुरुष उंच असतात, हे मलाही कळतं. तरी फळीवरचा डबा काढायला त्याला हाक मारावी लागते, तेव्हा अंगाचा तिळपापड होतो.

गेल्या महिन्यात दादाला शुगर निघाली. काळजी वाटली, पण आत कुठेतरी बरंही वाटलं. आता तरी त्याचे लाड थांबतील.

त्या संध्याकाळी घरी आले, तर आई त्याच्यासाठी ज्वारीची भाकरी थापत होती. कारल्याचा रस गाळून झाकून ठेवला होता.

"आई, मला भूक लागलीय."

"त्याचं आधी होऊ दे," ती म्हणाली. "डब्यात सकाळची चपाती आहे, चहाबरोबर खा."