तुमचीच हाय जागा

पुणं कसं सुधारलं, म्हणून लोक अजून कौतुक करतात. करोत बापडे! माझ्या मात्र अंगाचा तिळपापड होतो.

लग्न होऊन भोरजवळच्या उत्रोलीला आले, तेव्हापासून भात निघाला की मी आत्याबाईंबरोबर, म्हणजे माझ्या सासूबाईंबरोबर, बैलगाडीनं तांदूळ घेऊन पुण्याला जायची. कात्रजचा घाट उतरेपर्यंत बैल मेटाकुटीला यायचे. पेठेच्या टोकाला चिंचेची चार झाडं आणि पाण्याचा हौद होता. तिथं गाड्या सोडायच्या, बैलांना पाणी दाखवायचं, तरट पसरून पोती उघडायची. वर्षानुवर्षांची गिऱ्हाइकं "आलात का भोरकर?" म्हणत यायची. आत्याबाईंच्या सासूबाईही तिथंच बसत.

एके वर्षी तिथं टोपीवाला साहेब आला. शहराचा नवा नकाशा करायला सरकारनं त्याला नेमला होता म्हणे. रस्ते रुंद करायचे, चौक गोल करायचे, बागा करायच्या. बरोबर आपल्यातलाच एक कारकून. साहेबाच्या सांगण्यावरून त्यानं आत्याबाईंना विचारलं, "बाई, ही जागा कुणाची?"

आता आमच्याकडं असं विचारलं तर काय म्हणतात? घर असो, शेत असो, पाळण्यातलं पोर असो, उत्तर एकच. आत्याबाईंनी हातातलं माप खाली ठेवलं, पदर सारखा केला आणि हसून म्हणाल्या, "तुमचीच हाय की! बसा, पानी घ्या."

कारकुनानं लिहून घेतलं आणि अंगठा मागितला. एवढ्या मोठ्या साहेबानं विचारपूस केली, म्हणून ह्या माउलीनं खुशीनं दिला.

पुढच्या वर्षी आलो, तर चिंचा गायब, हौद बुजवलेला. मधोमध गोल हिरवळ आणि भोवती तारेचं कुंपण. शिपाई आमच्या तहानलेल्या बैलांवर काठी उगारून "हटा, हटा" करायला लागला. आत्याबाई तडक कचेरीत गेल्या, मी मागोमाग. आम्ही पडलो भोर संस्थानातले, पुण्यात इंग्रजांचा अंमल; तिथं आमचं कोण होतं? समोर तोच कारकून. त्यानं कागद काढून वाचला, "सदर जागेवर आपला हक्क नसून ती सरकारचीच आहे, असे बाईंनी स्वखुशीने सांगितले."

"अवं, ते बोलायची रीत म्हनून बोलले म्या!" आत्याबाई कडाडल्या. "तुमच्या घरी पाव्हन्याला काय म्हनता तुमी?"

"अंगठा तुमचाच ना?" तो म्हणाला.

साहेबाला कळलं नाही, हे एक वेळ मान्य. पण ह्या मेल्याला? त्याची आईसुद्धा दारी आलेल्याला तेच म्हणत असणार! चांगलं कळत होतं त्याला, आणि कळूनच त्यानं लिहिलं होतं.

दुसरीकडं कुठं कुणी गाड्या सोडू देईना. पोती दलालाच्या ओट्यावर टाकून परत आलो. आत्याबाई पुन्हा पुण्याला गेल्या नाहीत.

त्या सालच्या जत्रेला त्यांचे धाकटे भाऊ आले. ओसरी नुकतीच सारवली होती. ती बघून दारातूनच कौतुकानं म्हणाले, "वा गं आक्का! कुनाचं म्हनायचं हे घर?"

मी तांब्या घेऊन उभी होते. आत्याबाई जात्यावरून उठल्यासुद्धा नाहीत.

"आमचं हाय," त्या म्हणाल्या. "कुनाला द्यायचं न्हाई."

भावानं उंबऱ्याच्या आत टाकलेला पाय मागं घेतला.